परतफेडीची अपेक्षा नाही

थिओला मावशीने आपली शवपेटी वयाच्या पन्नासाव्या वर्षीच पसंत करून ठेवली होती. फिकट गुलाबी पोलादाची, आतून चुण्या घातलेलं सॅटिन, बाजूंना पितळी कड्या. आमच्या मेकन गावात आमच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या मयतीचं सगळं मिस्टर गेथर करायचे, आणि त्यांच्या दुकानाच्या मागच्या दालनात ती पेटी मांडलेली असायची. मावशीने पंधरा वर्षं दरमहा वीस डॉलर भरून ती फेडली. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आणि स्वतःच्या वाढदिवसाला, ती चर्चला घालायची ठेवणीतली टोपी घालून पेटी बघायला जायची आणि मला बरोबर न्यायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच मावश्या असं करतात.

तिथे गेली की ती आधी झाकणावरून बोट फिरवायची. धूळ लागली तर गेथरांची धडगत नसायची. एकदा म्हणाली, "सायलस, मी काय स्वर्गाच्या दारात शिंकत उभी राहू?" सायलस गेथर आणि ती लहानपणी एकाच शाळेत, एकाच बाकावर. आता ते गावातली बडी असामी, काळा सूट, दोन लांबलचक गाड्या; पण तिच्यापुढे फडकं घेऊन धावायचे. मला पेपरमिंटची गोळी मिळायची. मावशी पेटीभोवती एक फेरी मारायची, सॅटिनला हात न लावता नुसती बघायची, आणि घरी येताना इतकी खुशीत असायची की वाटेत मला आइस्क्रीम घ्यायची.

हे पेटीचं खूळ कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. मावशी माझ्या आईची सगळ्यात मोठी बहीण. फोर्ट व्हॅलीच्या बाहेर, पीचच्या बागांत जन्मलेली, १९२४ सालची. माझ्या आजीकडे दर शनिवारी विम्याचा माणूस यायचा. गोरा, तरुण, डोक्यावरची हॅट न काढता ओसरीवर उभा राहायचा, आजीला एकेरी नावाने हाक मारायचा आणि पंचवीस सेंट घेऊन वहीत खूण करायचा. आजीने एकतीस वर्षं ते पैसे भरले, कशासाठी, तर मेल्यावर आपल्याला नीट पुरावं म्हणून. १९५१ साली आजी गेली तेव्हा कंपनीने कळवलं की त्या वसंतात तीन हप्ते चुकले, सबब विमा रद्द. ते तीन आठवडे आजी अंथरुणाला खिळलेली होती. एक छदाम मिळाला नाही.

मग चर्चमध्ये वर्गणीचं तबक फिरलं. पेटी समोर उघडी, त्या वेळचा दुसरा कोणी पेटीवाला मागच्या भिंतीला टेकून उभा, आणि त्याची रक्कम जमेपर्यंत प्रेतयात्रा निघायची नाही. मावशी तेव्हा सत्तावीस वर्षांची, चर्चच्या स्वयंसेविकांत नवीन, पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारी. त्या दिवशी तबक फिरवायची पाळी तिची होती. स्वतःच्या आईच्या मातीसाठी तिने ते तीनदा फिरवलं. तिसऱ्या खेपेला कोणीतरी मागून म्हणालं, "टाका रे बाबांनो काहीतरी, जाऊ द्या बिचारीला." ते वाक्य मावशीने मला सांगितलं तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती, तरी सांगताना तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

पुढचं आयुष्य तिने मान वर करूनच काढलं. मेकनला आली, एलिस बार्नेट नावाच्या रेल्वेतल्या भल्या माणसाशी लग्न केलं, आठ वर्षांत तो गेला, मूलबाळ झालं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात होती. तिचे रोल, म्हणजे लोणी लावलेले, बोटाने दाबले की परत फुगणारे पाव, अख्ख्या गावाला ठाऊक होते. आज पन्नाशीला आलेली माणसं मला रस्त्यात थांबवून त्या रोलबद्दल बोलतात, आणि तीच माणसं स्वतःच्या शिक्षकांची नावं विसरलेली असतात. आपल्याला काही कमी आहे असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, खिडकीत आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी, आणि गेथरांकडे पेटी. तिचा संसार एवढाच, आणि तो तिने कोणाचं काही न घेता उभा केलेला होता.

आता माझं सांगते. १९९७ साली मी एकोणतीस वर्षांची, पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून, पदरात पाच वर्षांची जॉसलिन. तिचा बाप डेट्रॉइटला गेला तो गेलाच. माझ्या शेजारच्या टेबलावर डेना प्रुइट बसायची. ती गोरी. आम्ही दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो, पगार एक, बढती एका दिवशी, जेवणाचा डबासुद्धा एकाच दुकानातून घेतलेला. डेनाने चोविसाव्या वर्षी घर घेतलं. मी एकोणतिसाव्या वर्षीही छत गळतं म्हणून घरमालकाला फोन करत होते. मी बराच काळ समजत होते की डेना काटकसरी आहे आणि मी उधळी.

मग एकदा जेवायच्या सुट्टीत मी तिला सरळ विचारलं, बाई, तू हे जमवलंस कसं. ती सहज म्हणाली, "अगं, घराची पहिली रक्कम बाबांनी दिली. त्यांना त्यांच्या वडिलांचं घर विकून पैसे आले होते ना. बँकेला फक्त एक बक्षीसपत्र लागतं, पैसे उसने नाहीत असं सांगणारं, देणाऱ्याची सही झाली की संपलं." तिच्या बोलण्यात तोरा नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. डेना मनाची चांगली होती, माझ्या आईच्या मयतीला ती, आमच्याकडे रीत आहे तसा, केक घेऊन आली होती. पण त्या दिवशी मी डबा अर्धाच खाऊन बंद केला. तिचा आजोबा महायुद्धावरून परतला तेव्हा सरकारच्या हमीवर त्याला घरासाठी कर्ज मिळालं. माझा वडिलांकडचा आजोबा त्याच युद्धावरून, तसाच गणवेश घालून परतला, आणि आमच्या वस्तीत कर्ज द्यायला गावातली एकही बँक तयार नव्हती. पन्नास वर्षांनी त्या दोन म्हाताऱ्यांच्या नाती शेजारी बसून एकाच पगाराच्या पाकिटावर सह्या करत होत्या, आणि मी स्वतःला उधळी म्हणत होते.

बक्षीसपत्र हा शब्द मी तोवर ऐकलेलाच नव्हता. आमच्याकडे पैसा वरून खाली येत नाही, आडवा जातो. आईची औषधं, चुलतभावाचं विजेचं बिल, काकाच्या गाडीचा टायर. मी जमवलेले निम्मे पैसे आईच्या आजारपणात गेले, आणि गेले याचं मला वाईट वाटत नाही. पण घर मात्र लांब लांब जात होतं.

त्या वर्षी मला एक घर सापडलं. विटांचं, तीन खोल्यांचं, मागे पेकानचं, अक्रोडासारखी फळं देणारं झाड. म्हातारी मालकीण लेकाकडे राहायला निघाली होती आणि तिला मी आवडले. बँकेने कर्ज मंजूर केलं, पहिली रक्कम भरायची होती, आणि मला तीन हजार चारशे डॉलर कमी पडत होते. मालकिणीच्या लेकाने शेवटची तारीख दिली, शुक्रवार दुपार बारा. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. माझ्या हातात बारा दिवस होते.

मावशीकडे मी पैसे मागितले नाहीत. तिच्याकडे पैसे आहेत हेच माझ्या डोक्यात नव्हतं. रविवारी तिच्याकडे जेवायला गेले, आणि मी रोलला हात लावला नाही, तेवढ्यावरून तिने ओळखलं. मला बोलतं केलं. मी घराचं सांगितलं, डेनाचं सांगितलं, बक्षीसपत्राची गंमत म्हणून सांगितली. मावशी हसली नाही. टेबल पुसता पुसता म्हणाली, "गोऱ्यांचा माणूस मरतो तेव्हा मागच्यांना देऊन जातो. आपला मरतो तेव्हा मागचे तबक फिरवतात. बघ, रेनिटा, आपण जन्मभर पैसे भरतो, आणि ते सगळे जमिनीत नेऊन ठेवतो." मग तिने मला उरलेले रोल बांधून दिले आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कचेरीत फोन आला की संध्याकाळी गाडी घेऊन ये, सायलसकडे जायचंय. तिचा वाढदिवस नव्हता, ईस्टरही नव्हता.

गेथरांनी नेहमीप्रमाणे फडकं उचललं. मावशी म्हणाली, फडकं ठेव, बस. आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाली की पेटी रद्द कर, माझे पैसे परत दे. गेथर आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला बंदूक दाखवून आणलंय. मलाही तिचा बेत तेव्हाच कळला, मी मध्ये पडले, नको म्हणाले. मावशीने मला हाताने गप्प केलं.

गेथरांनी समजावून बघितलं. कायद्याने भरलेले पैसे परत मिळतील, पण विचार करा. एरवी अरेतुरे करणारा माणूस एकदम दुकानाच्या भाषेत शिरला. "मिस थिओला, तुम्हाला मग ठेवायचं कशात?"

"जे मिळेल त्यात."

"पाइनच्या खोक्यात?"

"सायलस, मी आत असेन. मला बाहेरून दिसणार आहे का?"

गेथर बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी मी तिथे होतो, थिओला. दुसऱ्या रांगेत. म्हणून म्हणतोय."

"मीही तिथे होते," मावशी म्हणाली. "म्हणून इतकी वर्षं मी तुझ्याकडे येते. आता ही पोरगी माझी. तिला जिवंतपणी राहायला जागा हवी आहे."

गाडीत बसल्यावर मी रडले. मावशीने रुमाल दिला आणि म्हणाली की रस्त्याकडे बघ, नाहीतर दोघींना आजच पेट्या लागतील.

आठवड्याने चेक आला, तीन हजार सहाशेचा. सोमवारी मी बँकेतून बक्षीसपत्राचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. शुक्रवारला चार दिवस होते. मला वाटलं, आता दोन मिनिटांचं काम. मावशीने चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि शाळेतल्या पोरीसारखी मोठ्याने वाचायला लागली. देणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं नाव. नातं, मावशी. रक्कम. मग ती ओळ आली, "ही रक्कम बक्षीस असून देणाऱ्यास तिची कोणत्याही स्वरूपात परतफेड अपेक्षित नाही." ती थांबली. पुन्हा वाचली. कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"यावर मी सही करू शकत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, का गं.

"खोटं आहे. मला अपेक्षा आहे."

 मी विचारलं, पैसे परत हवेत का, तर म्हणाली पैसे नकोत. मग काय? ती खाली मान घालून म्हणाली, "मला वाटलं होतं, माझी वेळ येईल तेव्हा तू काहीतरी करशील. गुलाबी नाही, पण बरी पेटी. फुलं. तबक फिरू देणार नाहीस. हे मी मनात धरलंय, रेनिटा. कोणत्याही स्वरूपात, असं लिहिलंय इथे. हेही स्वरूपच झालं ना?"

मी सांगितलं की अगं, सगळे करतात सही, बँकेची एक ओळ आहे ती, डेनाच्या वडिलांनी उभ्या उभ्या केली. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. शुक्रवार डोळ्यांपुढे होता, घर हातातून निसटत होतं, आणि ही एका ओळीवर अडून बसली होती.

मावशी चिडली नाही. "त्याला ती ओळ सोपी आहे," ती म्हणाली. "त्याने लेकीला दिलं तरी त्याच्याकडे उरतं. मातीला उरतं, म्हातारपणाला उरतं. त्याला कशाची अपेक्षा करायची गरजच नाही. मी माझी अपेक्षाच उचलून तुला देतेय. मग ती माझ्याकडे आहे आणि नाही, दोन्ही कसं लिहू? कागद ठेव इथे. मी बघते."

तीन रात्री मला झोप लागली नाही. मंगळवारी मी फोन केला तर ती म्हणाली अजून नाही. बुधवारी ती चर्चच्या प्रार्थनेला गेली आणि फोन उचललाच नाही. डेनाला मी अडचण सांगितली तेव्हा तिला ती कळलीच नाही. दोनदा समजावलं, तरी म्हणाली, पण पैसे तर देतेय ना ती? मी तो नाद सोडला. मला तेव्हा मावशीचा रागही आला होता, ते कबूल केलेलं बरं. प्रामाणिकपणाचं हे सोवळं माझ्याच दारात का, असं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने बोलावलं. पुन्हा गेथरांकडे. या वेळी तिने टोपी घातली होती. गेथर मागच्या दालनात घेऊन गेले. तिने खुर्ची मागितली आणि पेटीसमोर बसली. आम्ही दोघं दाराशी उभे. पंधरा-वीस मिनिटं ती तशीच बसून होती, ओठ हलत होते, प्रार्थना होती की पेटीशी बोलत होती देव जाणे. मग उठली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आतल्या सॅटिनवरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मऊ आहे," ती गेथरांना म्हणाली. "एखाद्या बुटक्या बाईला वीक. उंच माणसाचे गुडघे मोडतील."

दारातून बाहेर पडताना तिने मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसल्यावर पर्समधून कागद काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता खरं झालंय. उद्या करते सही. मला आता कशाची अपेक्षा नाही. आणि तू पण मला परत अपेक्षा करायला लावू नकोस, ऐकतेस ना?" मी मान हलवली. मी कशाला मान हलवतेय ते मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही बँकेत होतो. तिथली मुलगी पंचविशीची, गोड बोलणारी, म्हणाली, "थिओला, इथे सही करा." मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिसेस बार्नेट." मुलगी लाल झाली, दोनदा माफी मागितली. मग मावशीने पांढरे हातमोजे काढले, चर्चमध्ये घालायची तेच, ते एकावर एक ठेवले, आणि सावकाश सही केली. बारा वाजता किल्ली माझ्या हातात होती.

वरचे दोनशे डॉलर मी तिला परत दिले. तिने त्याची एक झुलती खुर्ची घेतली आणि माझ्याच ओसरीवर आणून ठेवली. म्हणाली, याचं पत्र नाही, ही माझी आहे, कोणी बसायचं नाही. अर्थात जॉसलिनला बसायची मुभा होती.

त्या घराने आम्हाला काय दिलं ते सांगायला बसले तर संपणार नाही. जॉसलिनला एकच शाळा मिळाली, पहिलीपासून बारावीपर्यंत. पेकानच्या झाडाने दर शरदात टोपल्या भरून दिल्या. छत गळलं तेव्हा मी मालक म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या, आणि त्यातही सुख होतं. २००३ साली मावशीचे गुडघे गेले तेव्हा तिसरी खोली तिची झाली. आधी ती यायला तयार नव्हती, म्हणे ही परतफेड झाली. मी म्हटलं, परतफेड कसली, मला सकाळी रोल हवेत. ते तिला पटलं. सहा वर्षं आमच्या घरात सकाळी पावाचा वास होता, आणि त्या सहा वर्षांसाठी मी देवाचे आभार मानायचे कधी थांबले नाही.

माझ्या मनात मात्र एक बेत होता. घराचं कर्ज कमी झालं, पगार वाढला, बाजूला थोडं साठलं. एकदा स्वयंपाकघरात, ती वाटाणे सोलत असताना, मी हळूच विषय काढला. गेथरांच्या मुलाकडे तशीच गुलाबी पेटी अजून मिळते. मी चौकशी केलीय. मला ते करू दे.

मावशीने शेंग हातातच धरली. "ते पत्र अजून बँकेच्या कपाटात आहे ना?"

असेल, मी म्हटलं.

"मग मला मेल्यावर खोटं पाडू नकोस. शाळेच्या नोकरीतला छोटा विमा आहे, त्यात साधी पेटी बसते. मी विचारून ठेवलंय. तुझे पैसे ठेव. जॉसलिनला घर लागेल एक दिवस."

मी वाद घातला. तिने मला वाटाण्यांचं भांडं दिलं आणि म्हणाली, तू पण सोल.

ती २००९ च्या मार्चमध्ये गेली, झोपेत, पंच्याऐंशी वर्षांची होऊन. पेटी साधी होती, लाकडी, शाळेच्या विम्यात बसलेली. मी शब्द पाळला, आणि तो पाळताना मला जितकं जड गेलं तितकं आयुष्यात दुसरं काही गेलं नाही. चर्च भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. तिने भरवलेली पोरं, त्यांची पोरं. डेना आली होती, केक घेऊन. स्वयंसेविका पांढरे हातमोजे घालून दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, आणि त्यांचे हात रिकामे होते. तबक निघालं नाही. मिस्टर गेथर तेव्हा चाकाच्या खुर्चीत, तेही तिच्याच वयाचे. त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं, घरी जेवण आहे ना, रोल आहेत का. मी म्हटलं, आहेत, मी केलेत. ते म्हणाले, मग तिच्यासारखे नसतील. ते बरोबर होतं.

अलीकडची एक गोष्ट सांगून थांबते. २०२१ साली जॉसलिन एकोणतीस वर्षांची झाली, मी होते तेवढीच. अटलांटाजवळ दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिला घर सापडलं आणि पहिली रक्कम कमी पडली. मला ते कळलं त्या दिवशी मी नाचायची बाकी होते, कारण माझ्याकडे द्यायला होतं. आमच्या घराण्यात वरून खाली देऊनही उरेल असं काही पहिल्यांदा कोणाकडे तरी होतं, आणि ते त्या विटांच्या घरातून आलं होतं, म्हणजे मुळात एका गुलाबी पेटीतून.

बँकेने कागद पाठवला. चोवीस वर्षांत मजकुरात फारसा फरक पडला नव्हता. मी चष्मा लावला. नाव, नाव, नातं, आई. रक्कम. मग ती ओळ.

मी पेन उचललं आणि हात थांबला. म्हटलं, रेनिटा, तुला कशाची अपेक्षा आहे? आधी वाटलं कशाचीच नाही. मग एकेक वर यायला लागलं. दर रविवारी तिने फोन करावा. नाताळ तिने इथे करावा, सासरी नाही. माझे गुडघे गेले की तिच्याकडे खोली असावी. मी तिच्यासाठी काय काय केलं ते तिने चारचौघांत कधीतरी बोलून दाखवावं. यादी मोठी होती, आणि शेवटच्याची मला लाज वाटली.

दोन दिवस तो कागद जेवायच्या टेबलावर होता. मी ओसरीवर मावशीच्या खुर्चीत बसायचे आणि एकेक सोडायचा प्रयत्न करायचे. नाताळ लवकर सुटला. खोली फार वेळ धरून होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत आले, हात धुतले आणि सही केली.

जॉसलिनचा फोन आला. जराशी वैतागलेली. "आई, एक सही करायला दोन दिवस?"

मी म्हटलं, "थिओला आजीला चार लागले होते."